साहेबाचा वाडा कुणी बांधला?

गेल्या वर्षी आमच्या जिल्ह्याच्या गावी एका फिल्म सोसायटीने 'हॉवर्डस एन्ड' हा इंग्रजी चित्रपट दाखवला. शाळेचा हॉल, भिंतीवर ताणलेला पडदा, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पन्नासएक माणसे. त्यात आम्ही दोघे मुसलमान. चित्रपट १९९२ चा, कथा १९१० च्या सुमाराची. एक जुने घर, दोन सुशिक्षित बहिणी, एक श्रीमंत व्यापारी कुटुंब आणि या सगळ्यांच्या मध्ये चिरडला जाणारा एक गरीब कारकून. चित्रपट संपल्यावर रिवाजाप्रमाणे चर्चा सुरू झाली. एक निवृत्त प्राध्यापक उठले आणि म्हणाले, "असा चित्रपट काढायला इंग्रजपण रक्तात असावे लागते. बाहेरच्याला ते जमत नाही." टाळ्या पडल्या.

मला राहवले नाही. मी म्हणालो, "सर, हा चित्रपट काढणारा माणूस मुंबईचा होता. इस्माईल मर्चंट. झेवियर्स कॉलेजात शिकलेला. २००५ साली लंडनमध्ये वारला आणि मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात दफन झाला."

हॉलमध्ये क्षणभर शांतता. मग प्राध्यापकांनी सावरून घेतले. "तो निर्माता झाला. निर्माता म्हणजे पैसे लावणारा. दिग्दर्शक तर इंग्रज असेल ना?" मी सांगितले, दिग्दर्शक जेम्स आयव्हरी अमेरिकन. पटकथा लिहिणारी रूथ प्रवर झाबवाला जर्मनीत जन्मलेली ज्यू, आणि तिचा संसार दिल्लीत. एवढ्यात मागच्या रांगेतून एक तरुण उठला. त्याच्या सुरात राग नव्हता, खरीच शंका होती. "मग एवढा मोठा माणूस होता, तर त्याने आपल्या समाजावर चित्रपट का नाही काढले?" 'आपल्या' म्हणजे 'तुमच्या', हे त्याने माझ्याकडे पाहून स्पष्ट केले.

घरी परतताना माझा सोबती गप्प होता. उर्दू शाळेत आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस. चौकात आल्यावर म्हणाला, "वो लडका गलत नहीं बोला. गोऱ्यांच्या बंगल्यांवर सिनेमे काढून आपल्या कौमला काय मिळाले?"

हा लेख त्या दोघांसाठी आहे. प्राध्यापकांना मी सोडून देतो, त्यांचे वय झाले. पण मागच्या रांगेतला तो तरुण आणि माझा मास्तर मित्र यांनी एकच कुंपण घातले आहे, एकाने बाहेरून आणि एकाने आतून. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला हे कुंपण नवे नाही. संपादक प्रेमाने सांगतात, "तुमच्या मोहल्ल्याचे लिहा ना. तलाकवर लिहा, बुरख्यावर लिहा." पावसावर लिहिले, पेशवाईवर लिहिले, की भुवया वर जातात. आणि आपल्यातले म्हणतात, "तू त्यांच्यासाठी लिहितोस, आमच्यासाठी कुठे लिहितोस?" शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला तेव्हा त्यांना विषय कुणी वाटून दिला नव्हता. वाटपाची ही पद्धत नंतरची.

आधी माणसाची ओळख करून देतो, कारण आपल्याच लोकांना ती नाही. इस्माईल मर्चंट यांचा जन्म १९३६ चा, मुंबईतल्या कापड व्यापाऱ्याच्या घरातला. वडील मुस्लिम लीगचे, पण फाळणीनंतर पाकिस्तानात जायला त्यांनी नकार दिला. मुलगा पुढे न्यूयॉर्कला शिकायला गेला. १९६१ साली आयव्हरी यांच्याबरोबर त्यांनी 'मर्चंट आयव्हरी' ही संस्था काढली. पहिला चित्रपट 'द हाउसहोल्डर' १९६३ चा, दिल्लीतल्या एका नवविवाहित मास्तराचा. त्यानंतर 'शेक्सपीअरवाला' आला १९६५ मध्ये. स्वतंत्र झालेल्या भारतात गावोगाव शेक्सपीअरची नाटके करत हिंडणारी इंग्रजी मंडळी आणि हळूहळू ओस पडत जाणारे त्यांचे प्रेक्षागृह. संगीत सत्यजित राय यांचे. माझ्या मते इंग्रजांवरचा या संस्थेचा सर्वांत खरा चित्रपट हाच आहे, पण तो मुद्दा बाजूला ठेवू.

जगाने त्यांना ओळखले ते नंतरच्या तीन चित्रपटांनी. 'अ रूम विथ अ व्ह्यू' १९८५ चा. त्याला तीन ऑस्कर मिळाली. 'हॉवर्डस एन्ड'लाही तीन, त्यातले एक एम्मा थॉम्पसनच्या अभिनयासाठी. 'द रिमेन्स ऑफ द डे' १९९३ चा. त्याला आठ नामांकने होती, पण पारितोषिक एकही नाही. इंग्रजांची दिवाणखाने, त्यांची चहाची भांडी, पावसाने भिजलेली हिरवळ, बोलता बोलता न बोललेले सारे. हे सगळे जगाच्या डोळ्यांपुढे आज ज्या रूपात उभे राहते, त्या रूपाला या तीन चित्रपटांचा मोठा हातभार आहे.

निर्माता म्हणजे पैसे लावणारा, या समजुतीवर मला हसू येते. इस्माईल मर्चंट यांच्याकडे लावायला पैसा होताच कुठे? तो जमवणे हीच त्यांची कला होती. नामवंत नटांना कमी मेहनतान्यावर राजी करणे, जुन्या वाड्यांच्या मालकांना पटवणे, आज इथून उसने घेऊन उद्याचे चित्रीकरण पार पाडणे. मेहनताना वेळेवर मिळाला नाही म्हणून रागावलेल्या कलावंतांच्या आणि तंत्रज्ञांच्या कितीतरी कहाण्या आहेत. त्यांच्यावरच्या अलीकडच्या माहितीपटातही लोक त्या हसतहसत सांगतात. मग हे गृहस्थ स्वतः स्वयंपाकघरात शिरायचे आणि सगळ्या युनिटसाठी रस्सा-भात रांधायचे. पाककृतींची पुस्तकेही लिहिली त्यांनी. साहेबाच्या वाड्यात कॅमेरा फिरत होता तेव्हा पाठीमागे मसाल्याची फोडणी बसत होती, हे चित्र मला फार आवडते. प्राध्यापकांचे 'रक्तातले इंग्रजपण' त्या फोडणीवर उभे होते.

आणि हे काही एकट्या मर्चंट यांचे नाही. इंग्रजी इतिहासावरचा जो चित्रपट सर्वप्रथम जगभर गाजला तो 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' १९३३ चा. काढणारा अलेक्झांडर कोर्डा हंगेरीतला ज्यू. जेन ऑस्टिनच्या कादंबरीवरचा 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' १९९५ साली केला तो तैवानच्या अँग लीने. राणी एलिझाबेथवर १९९८ मध्ये चित्रपट केला तो लाहोरात जन्मलेल्या शेखर कपूरने. २००४ चा 'व्हॅनिटी फेअर' मीरा नायरचा, म्हणजे ओडिशाच्या पोरीचा. राणी ॲनच्या दरबारावरचा 'द फेव्हरिट' २०१८ मध्ये आला, तो ग्रीक दिग्दर्शकाचा. २०२२ च्या 'लिव्हिंग'मधला लंडनचा कारकून तर मूळचा जपानी, कुरोसावाच्या चित्रपटातला. पटकथा नागासाकीत जन्मलेल्या इशिगुरोंची आणि दिग्दर्शक दक्षिण आफ्रिकेचा.

इंग्रजांनी यांना डोक्यावर घेतले असे नाही. ॲलन पार्कर या दिग्दर्शकाने मर्चंट आयव्हरीची टर उडवताना लॉरा ॲशली या फुलाफुलांचे कापड विकणाऱ्या पेढीचे नाव घेतले होते. म्हणजे तुमचे चित्रपट पडद्याच्या कापडासारखे नुसते सुंदर आहेत, असा टोला. टोला कठोर आहे, थोडा खराही आहे. पण तो चित्रपटावर आहे. मुंबईच्या कापड व्यापाऱ्याच्या मुलाने आमच्या घरात का शिरावे, असे त्यात नाही. आमच्या फिल्म सोसायटीत पहिला टोला तिथेच बसला.

बाहेरचा माणूस घर पाहतो तेव्हा काय पाहतो, हे 'द रिमेन्स ऑफ द डे'मध्ये दिसते. लॉर्ड डार्लिंग्टन हा सज्जन, सुसंस्कृत सरदार. दोन महायुद्धांच्या मधला काळ. जर्मनीला न्याय मिळावा या उदात्त हेतूने तो नाझींच्या कच्छपी लागतो. त्याचा बटलर स्टीव्हन्स, अँथनी हॉपकिन्सने केलेला, चांदीचे काटेचमचे घासूनपुसून ठेवतो, दारे लावतो, दारे उघडतो आणि दाराआड काय शिजते आहे याविषयी मत बाळगणे आपल्या नोकरीत बसत नाही असे मानतो. एके दिवशी लॉर्डसाहेब सांगतात की घरात कामाला असलेल्या दोन ज्यू मुलींना काढून टाका. घरकारभारीण मिस केंटन संतापते, राजीनाम्याची भाषा करते आणि शेवटी जात नाही, कारण तिला जायला जागा नाही. स्टीव्हन्स हुकूम बजावतो. मुली जातात. चहा वेळेवर येतो.

हा प्रसंग पटकथेत उतरवणारी रूथ प्रवर १९२७ साली कोलोनमध्ये जन्मली. १९३९ मध्ये, बारा वर्षांची असताना, आईवडिलांबरोबर जीव वाचवून इंग्लंडला आली. युद्धानंतर नात्यातली किती माणसे मारली गेली ते कळले तेव्हा, १९४८ मध्ये, तिच्या वडिलांनी आत्महत्या केली. त्यानंतर ती लग्न करून दिल्लीला आली आणि वीसहून अधिक वर्षे तिथे राहिली. त्या दोन मुली कोण होत्या हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मूळ कादंबरी इशिगुरोंची, त्याही लेखकाला लहानपणी इंग्लंडमध्ये आणलेले. पडद्यावर कुणी आरडाओरडा करत नाही, कुणी भाषण करत नाही. दोन मुली सामान उचलतात इतकेच. वाड्याचा सभ्यपणा कशाच्या आधाराने उभा आहे ते तेवढ्यात कळते. प्राध्यापकांच्या रक्तसिद्धान्ताप्रमाणे हा प्रसंग लिहायला कुणी अस्सल इंग्रज लागला असता. अस्सल इंग्रज बहुधा स्टीव्हन्सच्या बाजूने उभा राहिला असता, असे म्हणण्याचा मोह मला होतो. पण तो अन्याय होईल, सगळेच काही स्टीव्हन्स नव्हते.

इथवर मी इस्माईल मर्चंट यांचा वकील होतो. आता फिर्यादी होतो. बाहेरून आलेल्याने वाडा दाखवायला घेतला, तर वाड्याची चोपडीही दाखवायला हवी. वाडा कुणाच्या पैशावर बांधला, हे विचारायला हवे. हे त्यांच्या चित्रपटांनी पुरेसे विचारले नाही.

'हॉवर्डस एन्ड' ही ई. एम. फॉर्स्टरची कादंबरी. तीत विल्कॉक्स कुटुंबाचा पैसा कुठून येतो हे स्वच्छ लिहिले आहे: पश्चिम आफ्रिकेतल्या रबरातून. कंपनीच्या नावातच 'इंपीरियल' आहे. चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या आमच्या पन्नास प्रेक्षकांना घराभोवतीची निळी फुले आठवत होती, रबर एकालाही आठवले नाही. मलाही घरी जाऊन पुस्तक उघडल्यावर आठवले. 'द रिमेन्स ऑफ द डे'मध्ये डार्लिंग्टन हॉलचा जो देखणा दर्शनी भाग दिसतो तो ग्लॉस्टरशरमधल्या डायरॅम पार्क या वाड्याचा. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला विल्यम ब्लाथवेट या गृहस्थाने. त्याचे काम काय? अमेरिकेतल्या आणि वेस्ट इंडीजमधल्या इंग्रजी वसाहतींच्या महसुलाचा हिशेब तपासणे. त्या वाड्यात आजही गुडघ्यांवर बसलेल्या, गळ्यात साखळी असलेल्या दोन काळ्या गुलामांच्या आकृत्या आहेत. शोभेच्या वस्तू ठेवायला केलेल्या तिवया. दोन ज्यू मुलींना हाकलणाऱ्या घराची कथा अशा वाड्यापुढे उभी राहिली, आणि वाड्याची स्वतःची कथा तशीच राहून गेली.

हे करता येत नाही असे कुणी म्हणू नये. पॅट्रिशिया रोझेमा या कॅनडाच्या बाईने १९९९ मध्ये 'मॅन्सफील्ड पार्क' केला. जेन ऑस्टिनच्या कादंबरीतल्या सर थॉमसची मालमत्ता अँटिग्वा बेटावर आहे एवढा उल्लेख मुळात आहे. बाईंनी तो उल्लेख धरून ठेवला. चित्रपटातल्या गरीब फॅनीच्या हाती चित्रांची एक वही लागते, आणि त्या वहीत अँटिग्वाच्या मळ्यावर गुलामांचे काय केले जाते ते रेखाटलेले असते. ऑस्टिनचे कितीतरी भक्त चिडले. २०१३ च्या 'बेल'मध्ये अम्मा असान्तेने लॉर्ड मॅन्सफील्डच्या घरात वाढलेली मिश्रवर्णी मुलगी मध्यभागी आणली. आणि २०२० मध्ये खुद्द इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टने, म्हणजे असे जुने वाडे सांभाळणाऱ्या संस्थेने, वसाहतींच्या आणि गुलामगिरीच्या पैशाशी संबंध असलेल्या आपल्या ९३ जागांची माहिती छापली. डायरॅम पार्कचे नाव त्यात आहे. त्यावरही मोठा गदारोळ झाला. आमच्या गोड वाड्यांत राजकारण आणू नका, असा सूर. हा सूर आपल्याला ओळखीचा आहे. साहित्यात राजकारण आणू नका असे आपल्याला सांगणारे याच सुरात सांगतात.

चोपडीत आपलेही खाते आहे. पुरावा म्हणून एकच परगणा घेतो, सरे. लंडनच्या नैर्ऋत्येला लागून असलेला. 'अ रूम विथ अ व्ह्यू'ची नायिका ल्यूसी फ्लॉरेन्सहून परत येते ती सरेतल्या आपल्या घरी. टेनिसचे मैदान, चर्च, पाद्रीबाबा, डबक्यात उघड्याने पोहणारी पोरे. चित्रपट गोड आहे, मी तीनदा पाहिला. पण याच सरेत ईशरला क्लेरमाँट नावाचा वाडा आहे, प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हने बंगालच्या पैशावर नव्याने बांधून घेतलेला. याच सरेत वोकिंगला १८८९ साली मशीद उभी राहिली. तिला पैसा दिला भोपाळच्या शाहजहाँ बेगमने, आणि तिच्याच नावाने ती आजही ओळखली जाते. ल्यूसीच्या गोष्टीच्या आधी वीसएक वर्षे त्या परगण्यात अजान होत होती. आणि याच सरेत, वेब्रिजला, खुद्द फॉर्स्टर आईबरोबर राहत होता. १९०६ मध्ये त्याच्याकडे लॅटिन शिकायला एक देखणा, उंचापुरा तरुण येऊ लागला. नाव सय्यद रॉस मसूद. सर सय्यद अहमद खानांचा नातू, जो पुढे अलीगढ विद्यापीठाचा कुलगुरू झाला. फॉर्स्टरचा त्याच्यावर जीव जडला. 'अ रूम विथ अ व्ह्यू' छापली गेली १९०८ मध्ये, 'हॉवर्डस एन्ड' १९१० मध्ये. म्हणजे ज्या वर्षांत ही दोन अस्सल इंग्रजी घरे कागदावर बांधली जात होती, त्या वर्षांत लेखकाच्या आयुष्यात एक मुसलमान येऊन बसलेला होता. पुढे 'अ पॅसेज टू इंडिया' ही कादंबरी फॉर्स्टरने त्यालाच अर्पण केली.

फॉर्स्टरच्या तीन कादंबऱ्या पडद्यावर आणणाऱ्या मुंबईच्या मुसलमानाने या मसूदवर एक चित्रपट का काढला नाही? हा माझा प्रश्न आहे, आणि तो 'आपल्या समाजावर का नाही' या प्रश्नाहून वेगळा आहे. मसूद हा 'आपला' विषय म्हणून मी मागत नाही. तो इंग्लंडचा विषय आहे. त्याला वगळले तर इंग्लंडचेच चित्र खोटे पडते.

आणखी मागे जा. जेन ऑस्टिनचे 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' निघाले १८११ मध्ये. त्याच्या एक वर्ष आधी, १८१० मध्ये, पाटण्याच्या मुसलमान घरात जन्मलेल्या दीन महंमदने लंडनमध्ये हिंदुस्तानी खाणावळ उघडली होती. पुढे त्याने ब्रायटनला हमामखाना काढला. डोके आणि अंग चोळण्याच्या आपल्या चंपीला त्याने तिकडे इतकी प्रतिष्ठा मिळवून दिली की दोन राजांनी त्याची नेमणूक केली. त्या काळावरचे इंग्रजी चित्रपट मोजायला बसलो तर बोटे पुरणार नाहीत. घोडागाडी आहे, नाच आहे, पत्र आहे, पाऊस आहे. दीन महंमद कुठे आहे? अँग लीच्या चित्रपटात कर्नल ब्रँडन पूर्वेकडे नोकरी करून आलेला. एक लहान मुलगी त्याला तिकडच्या गोष्टी विचारते, तर तिकडची हवा मसाल्यांनी भरलेली असते एवढेच तो सांगतो. आख्खा हिंदुस्तान त्या एका वासात आटोपला.

माझे आजोबा बोटीवर खलाशी होते. कोकणातल्या आमच्यासारख्या कितीतरी घरांतले होते. मुंबईच्या धक्क्यावरून चढायचे आणि टिलबरीला उतरायचे. लंडनचे त्यांना माहीत होते ते धक्के, धुके आणि साबणाच्या वड्या. आजीच्या पेटीत तशी एक वडी कागदासकट होती, ती कुणी वापरली नाही. बोटीत वरच्या मजल्यावर बसून ज्या मडमा हिंदुस्तानातून परत जायच्या, त्यांच्यावर चित्रपट निघाले, निघत राहतील. खाली डेक धुणारा, दोरखंड ओढणारा सारंग-टंडेलांचा ताफा इंग्रजी जीवनाचा भाग नव्हता असे कोण म्हणेल? त्यांनी हात आखडता घेतला असता तर साहेबाची चहापत्ती त्या दिवाणखान्यात पोचली नसती.

मग मुसलमान इंग्रजी पडद्यावर येतो तो कोणत्या दाराने? २०१७ चा 'व्हिक्टोरिया अँड अब्दुल' आठवा. आपल्याकडे पुष्कळांनी तो कौतुकाने पाहिला, अली फजल आपला मुलगा म्हणून. आग्र्याचा अब्दुल करीम १८८७ मध्ये राणीच्या सेवेत गेला, मुन्शी झाला, तेरा वर्षे तिला हिंदुस्तानी शिकवत राहिला. राणीने स्वतःच्या हाताने उर्दू गिरवलेल्या वह्या आहेत. १९०१ मध्ये ती वारली आणि नव्या राजाने मुन्शीकडची पत्रे जाळायला लावली. विषय केवढा मोठा! एका साम्राज्याची मालकीण म्हातारपणी गुलामाच्या भाषेतली बाराखडी गिरवते, आणि तिचे वारस ती आठवण आगीत टाकतात. पडद्यावर काय दिसते? राणीच्या पायांचे चुंबन घेणारा एक हसरा पोरगा. साम्राज्याविषयी कडवट बोलायचे काम त्याच्या जोडीदाराकडे, महंमदकडे, सोपवले आहे, आणि तो थंडीने कुढत मरतो. कडू बोलणारा मेला आणि गोड बोलणारा पुतळ्यापुढे वाकला. हेच दिग्दर्शक स्टीफन फ्रिअर्स १९८५ मध्ये हनीफ कुरेशीच्या पटकथेवर 'माय ब्यूटिफुल लाँड्रेट' करतात तेव्हा लंडनचा पाकिस्तानी तरुण कुणाच्या पाया पडत नाही. कपडे धुण्याचे दुकान थाटतो, पैसा करतो, चुका करतो, प्रेम करतो. तो माणूस वाटतो. बाकी दारे तुम्हाला ठाऊक आहेत. जुलमी बाप, त्यात 'ईस्ट इज ईस्ट'मधला ओम पुरीचा बाप निदान जिवंत आहे. आणि ७ जुलै २००५ नंतर पाठीवर पिशवी घेतलेला पोरगा.

निषेध आपल्याला येतो. १९३८ मध्ये कोर्डाच्या 'द ड्रम'विरुद्ध मुंबईत निदर्शने झाली. सरहद्दीवरच्या मुसलमानांना कपटी आणि इंग्रजांना तारणहार ठरवणारा चित्रपट, निषेध योग्यच होता. पण त्यातला इंग्रजांना साथ देणारा गोड राजपुत्र झाला होता साबू, म्हैसूरच्या माहुताचा मुसलमान मुलगा. तो त्या स्टुडिओत कसा पोचला, त्याला काय भूमिका मिळाल्या, काय मिळाल्या नाहीत, हे आपल्यापैकी कुणी लिहिले? चित्रपट बंद पाडायला गर्दी जमते. पाहून, समजून, हिशेब मागायला चार माणसे जमत नाहीत.

राहता राहिला 'आपल्या समाजावर का नाही' हा प्रश्न. तरुण मित्रा, काढला होता. १९९३ चा 'मुहाफिज', इंग्रजीत 'इन कस्टडी', अनिता देसाईंच्या कादंबरीवरून. दिग्दर्शन खुद्द इस्माईल मर्चंट यांचे. चित्रीकरण भोपाळचे. शशी कपूर त्यात नूर नावाच्या म्हाताऱ्या, स्थूल, दारूने आणि चाहत्यांनी पोखरलेल्या उर्दू शायराच्या भूमिकेत आहे. त्याची मुलाखत घ्यायला येणारा हिंदीचा प्राध्यापक ओम पुरी. टेपरेकॉर्डर बिघडतो, पैसे संपतात, शायर मरतो, आणि त्याचे कागद एका माणसाच्या हाती राहतात, ज्याला त्यांचे काय करावे ते कळत नाही. शशी कपूरला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. मास्तर, तुम्ही उर्दूत हयात घालवली. तुम्ही पाहिलात? मी पाहिला तो पंधरा वर्षे उशिरा, एका मित्राने दिलेल्या सीडीवर. आणि इस्माईल मर्चंट यांना हा चित्रपट करता आला तो इंग्रजांच्या वाड्यांत तीस वर्षे हिंडून आल्यावर. उजाड होत चाललेले घर कसे दाखवायचे ते ते 'शेक्सपीअरवाला'पासून शिकत होते.

मी फिल्म सोसायटीच्या चिटणिसांना पत्र लिहिले. पुढच्या वर्षी 'मॅन्सफील्ड पार्क' आणि 'मुहाफिज' लागोपाठ दोन दिवस दाखवावेत, चर्चेसाठी मी येतो, असे सुचवले. चिटणीस सज्जन आहेत. फोनवर म्हणाले, "पहिला नक्की घेऊ. दुसरा उर्दू आहे हो. तो तुम्ही तुमच्या लोकांच्या कार्यक्रमात ठेवा, आम्ही प्रोजेक्टर देतो."

मी विचारले, "'हॉवर्डस एन्ड' मराठीत होता काय?"

अजून उत्तर आलेले नाही.